२^१२७ − १ : १८७६ साली हातानं कसं तपासलं असेल?

पूर्वभागातली (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न गणिताचा आहे, पण तो घरात कसा आला ते आधी सांगते.

माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं मूळ संख्यांचा तक्ता केला. वर पायऱ्या काढल्या : २, ३, ७, १२७. दोनचा वर्ग वजा एक म्हणजे ३. दोनचा तिसरा घात वजा एक म्हणजे ७. सातवा घात वजा एक म्हणजे १२७. आणि मग सगळ्यांत खाली, लाल स्केचपेननं, दोनचा १२७ वा घात वजा एक :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकोणचाळीस अंक. शेजारी लिहिलं होतं, ‘एदुआर ल्युका, फ्रान्स, १८७६’. परीक्षकांनी १८७६ भोवती गोल केला आणि म्हणाले, संगणकाशिवाय एवढी संख्या तपासताच येणार नाही, साल चुकलंय. ती घरी आली, तक्ता गुंडाळून कपाटामागे सरकवला आणि न बोलता झोपली. तिनं मला एकच विचारलं होतं, “आई, माझं खरंच चुकलं का?” मला ठामपणे हो किंवा नाही म्हणता आलं नाही. ते मला फार लागलं.

मी स्वतः बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून थांबले. गेली बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या नक्षीचं काम करते. नक्षी ग्राफवर उतरवायची, कुठलं घर भरायचं, कुठलं रिकामं ठेवायचं ते ठरवायचं आणि त्यावरून जकार्ड मागाची भोकांची कार्डं पाडायची. आता पुष्कळसं कॉम्प्युटरवर होतं, पण माझा हात अजून ग्राफवरच चालतो. म्हणजे आकड्यांची भीती नाही, पण ही संख्या हाताबाहेरची आहे.

रविवारी दोघी बसलो. मूळ आहे का पाहायचं तर वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भाग घालून बघायचा, एवढं शाळेतलं आठवतं. याचं वर्गमूळ १३ वर अठरा शून्यांच्या आसपास येतं. सेकंदाला एक भागाकार धरला, जेवण नाही, झोप नाही, तरी सुमारे ४१ हजार कोटी वर्षं. मग ल्युकानं केलं काय? भागाकार न करता संख्या मूळ आहे हे कळतं का? आणि कळत असेल, तर ते कागद-पेन्सिलीवर कसं जमलं?

जाणकारांनी कृपा करून सविस्तर सांगावं. मला ते तिला समजावून द्यायचं आहे.


जुळेसोलापूर_निवृत्त

ताई, मुलीचं साल बरोबर आहे. तक्ता आधी कपाटामागून बाहेर काढा.

मी चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, म्हणून परीक्षकांना असं का वाटलं तेही समजतं. आपण मुलांना मूळ संख्या म्हणजे भागाकार एवढंच शिकवतो. भागाकारानं किती पल्ला गाठता येतो ते ऑयलरनं १७७२ साली दाखवलं. त्यानं २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७, ही मूळ असल्याचं सिद्ध केलं, आणि ते निवडून केलेल्या भागाकारांनी. या जातीच्या संख्येला भागणारी मूळ संख्या ६२ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवूनच येते, आणि तिला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. वर्गमूळ ४६,३४१ च्या आत, तिथवर अशा संख्या पावणेचारशेच्या आसपास. चिकाटीच्या माणसाला जमण्यासारखं. हीच चाळणी १२७ ला लावली तर ६२ च्या जागी २५४ येतात. तुमची ४१ हजार कोटी वर्षं सुमारे ८१ कोटींवर येतात. तरी उपयोग नाही. म्हणजे भागाकाराचा रस्ता तिथे संपतो.

ल्युकाचा रस्ता वेगळाच आहे. पुढे १९३० च्या सुमारास डी. एच. लेमर यांनी तो सोपा आणि पक्का करून मांडला, तोच सांगतो. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, वजा २, पुन्हा बाकी. घात १२७ असेल तर हे १२५ वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. शून्य नाही आलं तर नाही.

लहानावर करून बघा. २^५ − १ = ३१. घात ५, म्हणून तीन वेळा.

४ → १६ − २ = १४
१४ → १९६ − २ = १९४, बाकी ८
८ → ६४ − २ = ६२, बाकी ०

३१ मूळ. आता २^११ − १ = २०४७ घ्या. नऊ पायऱ्या केल्या की १७३६ उरतात, शून्य येत नाही. २०४७ = २३ × ८९. पण बघा, २३ आणि ८९ आपल्याला ठाऊक असण्याची गरजच पडली नाही. ल्युकानं १८७६ मध्येच २^६७ − १ मूळ नाही हे असंच दाखवलं, अवयव हाती नसताना. ते अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली दिले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षं जगाला एवढंच माहीत होतं की ही संख्या फुटते. कुठे फुटते ते नाही.


हिंजवडीत_सोलापूरकर

मावशी, मी आत्ता आठ ओळींचा प्रोग्राम लिहून सरांची कृती १२७ साठी चालवली. एंटर दाबायच्या आत शून्य. तक्त्यावरची संख्या आमच्या कामातही रोज असते. १२८ बिटांच्या जागेत चिन्हासकट मावणारी सगळ्यांत मोठी पूर्ण संख्या हीच. ऑयलरवाली २१४७४८३६४७ ही तशीच ३२ बिटांची.

पण सर, एक शंका राहतेच. १२५ वेळा एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग, म्हणजे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर अंक, आणि त्याला परत एकोणचाळीस अंकी संख्येनं भागायचं. हातानं हा एकेक भागाकार म्हणजे दिवसभराचं काम, आणि एका ठिकाणी हातचा चुकला की पुढचं सगळं वाया. मग भागाकार टळला कुठे?


जुळेसोलापूर_निवृत्त

अगदी नेमकी शंका. भागाकार टळतो तो संख्येच्या रूपामुळे.

संख्या दोनच्या घातांत मांडा : १, २, ४, ८, १६ अशी घरं, प्रत्येक घरात एक खडा किंवा काही नाही. ३१ नं बाकी काढायची तर ३२ ची किंमत १ च होते, कारण ३२ मधून ३१ गेले की १ उरतो. म्हणजे डावीकडच्या काठावरून जो खडा बाहेर पडेल तो उजवीकडच्या पहिल्या घरात आणून ठेवायचा. झाली बाकी. १२७ घरांनाही हेच. आणि दोननं गुणायचं तर काय, सगळी ओळ एक घर डावीकडे सरकवायची.

ल्युकानं यासाठी १२७ गुणिले १२७ घरांचा पट सुचवला होता, बुद्धिबळासारखा, १६,१२९ घरांचा. एकेक ओळ म्हणजे तीच संख्या, सरकवलेली. मग उभ्या रकान्यांतले खडे गोळा करायचे. दोन खडे एका घरात आले की उचलून त्यांच्या जागी डावीकडच्या घरात एक. बस. पाढे नाहीत, भागाकार नाही.

ताई, तुम्ही ग्राफवर काम करता म्हणालात. पाच घरांवर मुलीसोबत मांडून बघा.


पूर्वभागातली

सर, बघितलं. काल रात्री साडेनऊला बसलो ते बारापर्यंत. मला हे लिहिताना अजून भरून येतंय.

कारखान्यातला ग्राफ पेपर होता, मोठ्या घरांचा. पाच उभे रकाने आखले, वर लिहिलं १६, ८, ४, २, १. खडे म्हणून शेंगदाणे घेतले, चटणीला भाजून ठेवले होते ते. पहिली ओळ ४ ची, म्हणजे मधल्या घरात एक दाणा. ४ नं गुणायचं म्हणजे दोन घरं डावीकडे. दाणा गेला १६ च्या घरात. आता २ वजा करायचे, पण २ च्या घरात काहीच नाही. मुलगी म्हणाली, सुट्टे करू. १६ चा दाणा उचलून ८ चे दोन ठेवले, त्यातला एक उचलून ४ चे दोन, त्यातला एक उचलून २ चे दोन, आणि त्यातला एक काढून टाकला. राहिले ८, ४, २. म्हणजे १४.

मग १४ चा वर्ग. तीन घरं भरलेली, म्हणून तीन ओळी : एक घर सरकवलेली, दोन घरं सरकवलेली, तीन घरं सरकवलेली. दुसऱ्या ओळीला डावा दाणा काठावरून पडला तो उजवीकडून आत घेतला. इथे मी थांबले. मी मुलीला म्हटलं, अगं हे तर आमचं रिपीट आहे! चादरीच्या नक्षीत शेवटचा रकाना पहिल्याला जुळावाच लागतो. नाहीतर जोडाच्या ठिकाणी मोराची मान तुटलेली दिसते. डावीकडून जे बाहेर जाईल ते उजवीकडून आत येतं, हे मी बावीस वर्षं करतेय, आणि त्याला भागाकाराची बाकी म्हणतात हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

तिन्ही ओळींचे दाणे खाली गोळा केले तर डावीकडून ३, २, १, १, २ असे आले. मग दोनाचा एक करत गेलो. १ च्या घरातले दोन गेले, २ च्या घरात एक आला, तिथे दोन झाले, ते गेले, असं करत १६ च्या घरात चार साठले. त्या चाराचे दोन काठावरून बाहेर पडून १ च्या घरात आले, आणि त्या दोनाचा २ च्या घरात एक. शेवटी उरले एक दाणा ८ मध्ये, एक २ मध्ये. १०. त्यातून २ वजा करायचे म्हणजे २ च्या घरातला दाणाच उचलायचा. राहिला एकटा ८.

शेवटची पायरी मुलीनं एकटीनं केली. ८ ला तीन घरं सरकवायचं. दाणा १६ वर गेला, काठावरून पडून १ वर आला, मग २ वर. आता वजा २. तिनं तो एकुलता एक दाणा उचलला आणि पट रिकामा झाला. ती बराच वेळ त्या रिकाम्या ग्राफकडे बघत होती.

मग हट्टानं सात घरं केली, २^७ − १ म्हणजे १२७ साठी. पाच पायऱ्या. इथे मात्र घोळ वाटला. शेवटून दुसऱ्या ओळीला सगळीच घरं भरली, फक्त १६ चं रिकामं राहिलं. पाच घरांना एकच दाणा उरला होता, इथे उलटं. दोनदा तपासलं, १११ च येतात. आणि त्यांचा वर्ग वजा २ केला की शून्यही येतं. सर, हे बरोबर आहे का?

आणि शून्य आलं म्हणजे मूळच, हे कशावरून? मुलगी विचारतेय.


जुळेसोलापूर_निवृत्त

१११ अगदी बरोबर आहेत. १२७ मधून १६ गेले की १११ उरतात, म्हणजे १११ हे इथे “उणे १६” आहेत. या पटावर संख्येचं चिन्ह बदलायचं म्हणजे भरलेली घरं रिकामी आणि रिकामी घरं भरलेली करायची. तुमच्या चादरीची दुसरी बाजूच.

त्यामागे सुंदर गोष्ट आहे. शेवटी शून्य यायचं तर शेवटून दुसऱ्या संख्येचा वर्ग २ असायला हवा. आणि संख्या मूळ असेल तर वर्ग २ असलेल्या संख्या दोनच सापडतात, एक तिची दुसरी बाजू. पाच घरांत ८ किंवा उणे ८, सात घरांत १६ किंवा उणे १६. १२७ घरांत २^६४ किंवा उणे २^६४. म्हणजे ल्युकाच्या पटावर शेवटून दुसऱ्या ओळीत एक तर फक्त एक खडा, उजवीकडून पासष्टाव्या घरात. नाहीतर सगळी ओळ भरलेली आणि तेच एक घर रिकामं. तिसरी शक्यता नाही.

आता मुलीचा प्रश्न. ४ ही २+√३ आणि २−√३ यांची बेरीज आहे. या दोघांना अ आणि ब म्हणू. त्यांचा गुणाकार ४ − ३ = १. नववीचंच सूत्र : (अ+ब)² = अ² + ब² + २अब. अब = १, म्हणून वर्ग करून २ वजा केले की अ² + ब² उरतं. म्हणजे प्रत्येक पायरीला अ आणि ब यांचा घात दुप्पट होतोय, एवढंच आपण करत होतो. १२५ पायऱ्यांनी शून्य आलं तर त्यावरून निघतं की, बाकी घेत गेलं तर, अ चा २^१२६ वा घात −१ होतो आणि २^१२७ वा घात १ होतो. म्हणजे अ नं गुणत गेलं तर परत १ वर येण्याचं चक्र बरोबर २^१२७ पावलांनी पूर्ण होतं, त्याच्या आत नाही.

आता समजा, संख्या फुटते. मग तिला वर्गमुळाच्या आतला एक मूळ अवयव असणार, त्याला क म्हणू. क नं भागून बाकी घ्यायची ठरवली तर ‘एक संख्या अधिक दुसरी संख्या गुणिले √३’ अशा वेगवेगळ्या जोड्या क² एवढ्याच, आणि शून्य सोडलं की त्याहून एक कमी. क² काही आपल्या संख्येपेक्षा मोठा नाही, म्हणजे २^१२७ पेक्षा लहानच. एवढ्या जोड्यांत २^१२७ पावलांचं चक्र मावत नाही. म्हणून असा क नाहीच. तिला हा भाग सावकाश, एक दिवस सोडून परत वाचायला सांगा.

तिच्या पायऱ्यांबद्दलही सांगतो. पुढची पायरी म्हणजे या एकोणचाळीस अंकी संख्येइतक्या वेळा दोनचा गुणाकार, वजा एक. ती मूळ आहे की नाही हे आजही कुणाला माहीत नाही. तक्त्याच्या खाली तेवढी जागा मोकळी ठेवायला हरकत नाही.

आणि ताई, एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. ल्युका १८४२ साली आमियाँला जन्मला. कापडासाठी नावाजलेलं गाव. २^१२७ − १ च्या नऊ वर्षं आधी, १८६७ साली, त्यानं एक छोटा निबंध लिहिला होता. विषय : नियमित साटीनची वीण, अंकगणितानं.


पूर्वभागातली

सर, हे वाचून मी खुर्चीतून उठले. साटीन!

तो भाग मी सांगते, तो माझा आहे. साटीनमध्ये ताण्याचे आणि बाण्याचे टाके एकमेकांना लागून येता कामा नयेत, नाहीतर ट्विलसारखी तिरपी रेघ दिसते. म्हणून प्रत्येक ओळीला ठरावीक उडी मारायची. पाच तारांचं साटीन असेल तर दोनची उडी : १, ३, ५, २, ४. प्रत्येक तार एकदाच बांधली जाते. आठाला तीनची उडी चालते : १, ४, ७, २, ५, ८, ३, ६. सहाला मात्र काही केल्या होत नाही. दोनची उडी मारली तर १, ३, ५ आणि परत १, बाकीच्या तारा लोंबत राहतात. तीनचीही तीच गत, चारचीही. पाचची मारली तर नुसतं ट्विल. कामाला लागले तेव्हा एका जुन्या मास्तरांनी मला सांगितलं होतं, “सहाचं साटीन मागू नकोस, ते नसतं.” का नसतं हे मी विचारलं नाही. सहाला दोन आणि तीन भागतात म्हणून. आणि पाच, सात, अकरा, तेरा घेतलं तर कुठलीही उडी चालते, फक्त शेजारची सोडून, इकडची आणि तिकडची. मूळ संख्येला मधली कुठलीच उडी अडवत नाही.

हे मी सकाळी मुलीला ग्राफवर काढून दाखवलं. तक्ता बाहेर आलाय. १८७६ चा लाल गोल तसाच ठेवलाय. त्याच्या बाजूला ती पाच घरांचा पट काढतेय, तीन पायऱ्यांचा, दाण्यांच्या जागी काळे ठिपके. सोमवारी शाळेत घेऊन जाणार आहे. परीक्षकांना दाण्यांनी करून दाखवू म्हणते.


हिंजवडीत_सोलापूरकर

मावशी, माझ्याकडे १२७ च्या सगळ्या १२५ ओळी तयार आहेत. शेवटून दुसरी ओळ एका खड्याची आहे की एका रिकाम्या घराची, लगेच सांगू शकतो. सांगू का?


पूर्वभागातली

नको, सांगू नका. तिला विचारलं, ती नको म्हणाली. आधी तेराची करायची आहे, अकरा पायऱ्यांची. रविवारी तेरा रकान्यांचा ग्राफ आखून देणार आहे, आणि पाव किलो शेंगदाणे वेगळे काढून ठेवलेत.